खडपातला दगड उचलला आणि खाली ऑक्टोपसची अंडी होती, आई परत येईल का?

शाळेतली_बाई

नमस्कार मंडळी. मी सिंधुदुर्गात एका लहान गावात सातवीला विज्ञान शिकवते. अवसेनंतर तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, पंधरा मुलांना घेऊन गावच्या खडपावर, म्हणजे ओहोटीला उघड्या पडणाऱ्या किनाऱ्यावरच्या कातळावर, गेले होते. सातच्या सुमारास सुकती होती, पाणी खूप आत गेलेलं. दरवर्षी नेते मी मुलांना, डबक्यांत काय काय राहतं ते बघायला, कालवं, कुर्ल्या, समुद्रकाकडी, फुलासारखं दिसणारं ते ॲनिमोनी, मुलं वहीत चित्रं काढतात. सगळं नीट चाललेलं आणि तेवढ्यात एका मुलाने परातीएवढा एक चपटा दगड उचलून उभा केला.

खालून तपकिरी काहीतरी सटकलं. मला आधी वाटलं फडकं अडकलंय. मग ते एकदम पांढरंफटक पडलं, पाण्यात काळा ढग सोडला आणि त्या ढगातून बाहेर येऊन चक्क कोरड्या कातळावरनं सरपटत तीनेक हात लांबच्या दुसऱ्या डबक्यात गेलं. ऑक्टोपस! वीस वर्षं झाली मला या किनाऱ्यावर येऊन, जाळ्यात मेलेला बघितलाय, जिवंत असा पहिल्यांदाच. तो कातळावर असताना एका मुलीला वाटलं सुकून मरेल, म्हणून तिने आपल्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्याच्यावर ओतलं.

आणि मग दगडाची खालची बाजू बघितली तर तिथे तांदळाच्या दाण्यांसारखे पांढरे दाणे, बारीक दोऱ्यांना ओवल्यासारखे, गजरे लोंबावेत तसे. अंडी होती हो ती. मी लगेच दगड परत ठेवायला लावला पण त्या गडबडीत तो नीट बसला की नाही याची खात्री नाही. येताना मुलं गप्प होती. ज्याने दगड उचलला तो पोरगा तर सारखं विचारत होता, बाई ती परत येईल ना?

मला खरंच माहीत नव्हतं, म्हणून इथे विचारतेय. ती परत येईल का, गोड्या पाण्याने तिला काही झालं असेल का, ती पाण्याबाहेर जगली कशी आणि मुळात इतका मऊ, कवच नाही काटे नाहीत असा प्राणी खडपासारख्या ठिकाणी टिकतो कसा, जिथे वरून बगळे, पाण्यात मोठे मासे आणि दिवसातून दोनदा पाणीच निघून जातं? पुस्तकात आठ पाय आणि शाई एवढंच दिलंय. सोमवारी वर्गात काहीतरी सांगावं लागेल.

खारा_वारा

ताई, समुद्री जीवशास्त्रात एमएससी केलंय मी, प्रोजेक्ट शीर्षपादांवरच, म्हणजे ऑक्टोपस, माकूल यांच्या गटावरच होता, त्यामुळे जरा लांबलचक लिहितेय, पण आधी तातडीचं. उद्याची ओहोटी आजच्यापेक्षा पाऊण-एक तास उशिरा असेल, तेव्हा एकट्याच जा आणि दगड न उचलता फक्त बघा की शेवाळ आणि बार्नेकल (दगडाला घट्ट चिकटलेले ते छोटे टणक कवचवाले जीव) असलेली बाजू वर आहे ना. ती वर असेल तर अंडी खाली आहेत, बस्स, हात लावायचा नाही. उलटा पडला असेल तरच हलक्या हाताने, पाण्यातल्या पाण्यात, होता तसा करायचा. उघडी पडलेली अंडी भरतीबरोबर आलेले मासे एका दिवसात साफ करतात.

आई परत यायची शक्यता आहे, चांगली आहे. अंडी घातलेली मादी सहसा घर सोडून लांब जात नाही. तीन हात म्हणजे तिच्यासाठी काहीच नाही, भरती आली की पाणी सगळीकडे एक होतं आणि तिला वाट माहीत असते. पण पुन्हापुन्हा त्रास झाला तर मादी अंडी सोडूनही देते, म्हणून आता दोन आठवडे तिथे गर्दी नको.

गोड्या पाण्याचं. त्या मुलीला रागावू नका, तिच्या मनात तिला वाचवायचंच होतं. पण तिला हे नक्की सांगा की ऑक्टोपसच्या अंगातला खारटपणा समुद्राच्या पाण्याएवढाच असतो, गोडं पाणी पडलं की ते अंगात शिरायला लागतं आणि कातडी, कल्ले दोन्हीला इजा होते. जगात कुठेही, एकाही नदीत किंवा तळ्यात ऑक्टोपस नाही, तो याच कारणाने. बाटलीभर पाणी आणि लगेच खारट डबक्यात उडी, एवढ्याने बहुतेक काही झालं नसेल. पुढच्या वेळी काही ओतायचंच असेल तर समुद्राचं पाणी.

पाण्याबाहेर ती जगली कारण ऑक्टोपस थोडा श्वास कातडीतूनही घेतो, अंग ओलं आहे तोवर. कल्ले मात्र हवेत चिकटून बसतात, त्यामुळे हे काही मिनिटांचं काम आहे. खडपात राहणाऱ्या जातींना तेवढं पुरतं. ऑस्ट्रेलियात एक जात तर ओहोटीला एका डबक्यातून दुसऱ्या डबक्यात चालत जाऊन कुर्ल्या शोधत फिरते. तुमची मादी पळाली त्याला आणखीही एक कारण असू शकतं, बंद डबक्यात स्वतःचीच शाई तिलाही बाधते. शाईने शत्रूचे डोळे तर चुकतातच पण त्याची वास घ्यायची ताकदही बोथट होते, म्हणून उघड्या समुद्रात ती उत्तम, परातीएवढ्या डबक्यात मात्र शाई सोडली की तिथून निघावंच लागतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, मला सगळ्यात आवडला तो. मऊ आहे तरी टिकतो कसा? मी तर म्हणेन की त्याची जगायची सगळी पद्धतच त्या मऊपणातून आलीय. याचे पूर्वज कवचवाले होते, नॉटिलस नावाचा याचा भाऊबंद अजूनही कवच घेऊनच फिरतो. माकुळाने ते कवच अंगाच्या आत घेतलं, किनाऱ्यावर पांढरं हलकं समुद्रफेस सापडतं ना, पिंजऱ्यातल्या पोपटाला चोच घासायला लावतात ते, ते माकुळाचं आतलं कवचच. मुलांना दाखवायला मस्त आहे. ऑक्टोपसने तेही टाकून दिलं. अंगात टणक म्हणावी अशी एकच गोष्ट, पोपटासारखी चोच. ती चोच ज्या फटीतून जाईल त्या फटीतून अख्खा ऑक्टोपस जातो. २०१६ मध्ये न्यूझीलंडमधल्या नेपियरच्या मत्स्यालयातून इंकी नावाचा ऑक्टोपस टाकीतून निघाला, जमिनीवरून सरपटत गेला आणि सांडपाण्याच्या पाइपातून थेट समुद्रात. खडपात प्रत्येक भेग त्याच्यासाठी दार आहे.

पण कवच टाकलं म्हणजे जो येईल तो खाणार, मग लपणं आलं. कातडीत रंगाच्या हजारो बारीक पिशव्या असतात, प्रत्येक पिशवीला भोवताली स्नायू, स्नायू ओढले की पिशवी ताणून रंग दिसतो, सोडले की ठिपका होऊन जातो. हे सगळं मज्जातंतूंनी थेट मेंदूला जोडलेलं, म्हणून पापणी लवायच्या आत रंग बदलतो, तुम्ही बघितलंत तसा. शिवाय कातडी वर उचलून फोड, काटे, शेवाळासारखे फाटे पण काढता येतात, म्हणजे नुसता रंगच नाही, दगडाचा खडबडीतपणाही. आणि हे करणारा प्राणी रंगांधळा आहे! त्याच्या डोळ्यात रंग ओळखायला लागतात तशा वेगवेगळ्या पेशी नाहीत, एकाच प्रकारच्या आहेत. मग आजूबाजूचा रंग कळतो कसा यावर अजूनही अभ्यास चाललाय.

मुलांना हेही सांगा, तीन हृदयं असतात. दोन कल्ल्यांसाठी, एक बाकी शरीरासाठी, आणि जोरात पिचकारी मारत पोहताना ते शरीराचं हृदय थांबतं, म्हणून पोहून तो लगेच दमतो आणि जमेल तिथे चालतोच. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं. मज्जापेशी सुमारे ५० कोटी, त्यातल्या दोन तृतीयांश डोक्यात नाहीतच, हातांत आहेत. हात स्वतः चाचपतो, स्वतः ठरवतो. चोषकांना स्पर्शाबरोबर चवही कळते, म्हणजे भेगेत हात घातला की आत दगड आहे की कुर्ली हे न बघताच समजतं.

पागवाला

बाई तुम्ही दगड परत ठेवायला लावलात हे बरं केलंत. आमचो आजो सांगायचो, खडपात दगड उचललंस तर होतो तसोच ठेव, खाली कोणाचातरी घर असता. तेव्हा आम्हाला वाटायचं उगाच सांगतो म्हातारा.

आता ते घर ओळखायचं कसं ते सांगतो, मुलांना दगड न उचलता दाखवता येईल. भेगेच्या तोंडाशी कुर्लीच्या पाठी, नांग्या, शिंपल्या असा उकिरडा साचलेला असतो. कुर्लीची पाठ अख्खी, आतून साफ चाटून पुसल्यासारखी आणि सगळा ढीग एकाच जागी. लाटेने आलेलं असं एका जागी राहत नाही. ते दिसलं की आत कोणीतरी आहे. पण वास यायला लागला असेल, शेवाळ चढलं असेल तर घर जुनं, सोडलेलं. आम्ही लहान असताना गळाच्या दोरीला कुर्ली बांधून सोडायचो, आतून एक हात यायचा, आधी टोकाने हात लावून बघणार, मग हळूच दुसरा. ओढायला लागलात तर दगडाला असा धरून बसतो की हात तुटेल पण तो सुटायचा नाही.

जाळ्यात खोल पाण्यातले येतात ते लहान असतात आणि बरेचदा कशाच्या तरी आत बसलेले, मोठी शिंपली, शंख, डबा, एकदा करवंटीत बसलेला होता आणि दुसरी करवंटी वरून झाकण म्हणून धरलेली, आमच्या बोटीवरच्या कोणाला खरंच वाटेना. आमच्या इथे खाणारे कमी, माकूल खातात सगळे, ऑक्टोपस कंपनीत जातो आणि तिकडून परदेशी.

खारा_वारा

पागवालादादा, करवंटीचं अगदी बरोबर! याच गोष्टीवर २००९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांचा लेख आला होता, इंडोनेशियात त्यांनी हे चित्रित केलं. ऑक्टोपस करवंट्या एकात एक घालतो, पोटाखाली धरतो आणि हातांच्या काठ्या करून ताठ पायांनी चालत नेतो, पुढे धोका वाटला की आत बसून झाकून घेतो. नेताना त्याचा काहीच फायदा नसतो, उलट चालणं अवघड होतं, म्हणजे पुढे उपयोग होईल म्हणून तो ती नेतोय. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्याने हत्यार वापरण्याचं हे उदाहरण म्हणून ते गाजलं. ती जात आपल्या समुद्रातही आहे, ट्रॉलरच्या जाळ्यात येते. कवच टाकून दिलेला प्राणी गरज पडली की कवच उसनं घेतो, मला हे फार भारी वाटतं.

शिंपल्यांचंही सांगते. काही शिंपल्यांना सुईने पाडल्यासारखं अगदी बारीक भोक दिसेल, ते याचं असू शकतं. ओढून उघडलं नाही तर तो कानशीसारख्या जिभेने भोक पाडतो, आत विषारी लाळ सोडतो, शिंपल्याचा स्नायू ढिला पडतो आणि शिंपला आपोआप उघडतो. किनाऱ्यावर मोठं, गोल, कडा उतरती केलेलं भोक सापडतं ते मात्र बहुतेक वेळा एका शिकारी गोगलगाईचं असतं, दोन्हींची गल्लत होते.

आणि विष म्हटलं म्हणून, मुलांना कुठलाही ऑक्टोपस हातात घेऊ देऊ नका, लहान असला तरी. चावा दुखतो, आणि निळ्या कड्या असलेल्या जातीच्या लाळेत फुग्या माशात असतं तेच विष असतं, त्याने माणूस मरतो.

नदीकाठचा_मी

मी विदर्भातला, समुद्र दोनदाच बघितला, पण हे वाचून थांबवेना. एक विचारू का, मी कुठेतरी ऐकलं की ऑक्टोपस दीड-दोन वर्षंच जगतो आणि अंडी दिली की मादी मरते. एवढी बुद्धी, ५० कोटी मज्जापेशी, करवंट्या जमवणं आणि आयुष्य दोन वर्षं? मला हे पटत नाही. शिकलेलं वापरायला तर वेळच मिळत नाही, आणि शिकवायला आईबाप पण नाहीत. मग ही बुद्धी आली कशासाठी? आणि बाईंच्या खडपातली ती मादी, ती परत आली तरी मरणारच का?

खारा_वारा

दादा तुम्ही जे विचारलंय तिथेच मीही अडकले होते प्रोजेक्टच्या वेळी.

हो, मरणार. आपल्याकडच्या उथळ पाण्यातल्या जातींचं आयुष्य वर्ष-दीड वर्ष, फार तर दोन. नर समागमानंतर काही आठवड्यांत किंवा महिन्यांत संपतो. मादी अंडी छताला चिकटवते आणि त्या दिवसापासून खाणं बंद. रात्रंदिवस ती पोहताना पिचकारी मारते त्याच नळीने त्यांच्यावर पाणी मारत राहते म्हणजे ऑक्सिजन मिळेल, चोषकांनी एकेक सर हळुवार साफ करते म्हणजे बुरशी धरणार नाही, कोणी जवळ आलं तर हुसकावते. कोमट पाण्यात महिनाभर, थंड पाण्यात चार-चार महिने. तेवढ्यात तिचं अंग गळतं, रंग उडतो, कातडीवर जखमा दिसतात. पिल्लं बाहेर पडली की ती जाते.

आणि हे नुसतं उपासाने होत नाही. १९७७ मध्ये जेरोम वोडिन्स्की यांनी अंड्यांवर बसलेल्या माद्यांच्या डोळ्यांमागच्या छोट्या ग्रंथी काढून टाकल्या. त्या माद्यांनी अंडी सोडली, पुन्हा खायला लागल्या, वाढल्या आणि जास्त जगल्या. म्हणजे शरीरातूनच सांगणं येतं की आता थांब.

तुमचं "कशासाठी" मात्र खरंच मोठं आहे. मला पटलेलं उत्तर सांगते, सगळ्यांचं तेच असेल असं नाही. कासवाला, शिंपल्याला कवच आहे, ते सावकाश जगू शकतात. कवच नसलेल्याला रोज नवीन धोका, नवीन शिकार, नवीन भेग, ठरावीक एकच उपाय पुरत नाही. म्हणून बुद्धी लागली. पण त्याच उघडेपणामुळे फार दिवस वाचण्याची शक्यताही कमी, मग शरीराने म्हातारपणासाठी काही राखून ठेवण्यात अर्थ नव्हता, सगळं लवकर वाढण्यात आणि एकदाच भरपूर अंडी देण्यात घातलं. म्हणजे बुद्धी आणि छोटं आयुष्य ही दोन उलटी टोकं वाटतात, पण दोन्ही एकाच कारणातून आलेली असावीत. काही जातींची मादी लाखावर अंडी देते, पिल्लं तांदळाच्या कणीएवढी, समुद्रात तरंगत जातात आणि त्यातली मोजकीच तळाला पोचतात. त्यांना कोणी काही शिकवत नाही, सगळं स्वतःचं स्वतः.

सगळ्याच जाती घाईत नसतात बरं का. कॅलिफोर्नियाजवळ माँटेरीच्या समुद्रदरीत १४०० मीटर खोल एका मादीला संशोधक २००७ पासून भेटत होते, यंत्र पाठवून, १८ वेळा. ती प्रत्येक वेळी त्याच कड्यावर, त्याच अंड्यांवर. २०११ मध्ये शेवटी गेले तेव्हा ती नव्हती आणि रिकामी फुटलेली कवचं होती. ५३ महिने! जवळजवळ साडेचार वर्षं एका जागी, त्यांनी कधीच तिला काही खाताना बघितलं नाही, समोर कुर्ली धरली तरी घेतली नाही. तीन अंश पाण्यात सगळं इतकं सावकाश चालतं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅबमध्ये बसून रडले होते, आजही लिहिताना बरं वाटत नाही.

तिथूनच जवळ डेव्हिडसन नावाच्या बुडालेल्या डोंगराच्या पायथ्याशी, ३२०० मीटर खोल, २०१८ मध्ये हजारो माद्या एकत्र अंड्यांवर बसलेल्या सापडल्या, अंदाज २०,००० चा आहे. एरवी एकटा राहणारा प्राणी. कारण असं निघालं की तिथे जमिनीतून कोमट पाणी झिरपतं, आजूबाजूला दीड अंशाच्या आसपास आणि फटीत दहा-अकरा अंशांपर्यंत, त्यामुळे अंडी दोन वर्षांच्या आत फुटतात, नाहीतर कित्येक वर्षं लागली असती. म्हणजे बाळंतपणाला माहेरी यावं तशा त्या उबेला येतात.

प्रवाळबेट

मी मूळचा डोंबिवलीचा, सध्या लक्षद्वीपला स्कूबा शिकवतो. वरचं सगळं वाचलं, मला फक्त मी बघतो ते सांगायचंय कारण खडपातला ऑक्टोपस ओहोटीत अडकलेला दिसतो पण पाण्याखाली तो वेगळाच असतो. आमच्याकडे मोठी जात आहे, दिवसा फिरणारी. सकाळी घराबाहेर येतो, आधी नुसते डोळे वर काढून पाच-दहा मिनिटं बघत बसतो, मग निघतो. प्रवाळाचा एखादा गड्डा दिसला की हातांमधला पडदा पसरून त्यावर टोपलीसारखा बसतो, कातडी पांढरी होते, आतल्या कुर्ल्या, कोळंबी घाबरून बाहेर येतात त्या थेट हातात.

आणि एकटा नसतो! बरोबर गोबरा असतो, कधी दुसरे मासे. गोबऱ्याला भेगेत शिरता येत नाही, ऑक्टोपसला येतं, ऑक्टोपसने हात घातला की दुसऱ्या बाजूने निसटणारा मासा गोबऱ्याला. तांबड्या समुद्रातल्या अशा टोळ्यांवर २०२४ मध्ये अभ्यास आला, त्यात असं दिसलं की कुठे जायचं ते मासे शोधतात पण थांबायचं की निघायचं हे ऑक्टोपस ठरवतो, आणि फुकट खाणाऱ्या माशाला हाताने ठोसा मारतो. ठोसा मी स्वतः बघितलाय, मासा हातभर लांब उडाला.

बाई, तुमच्या मुलांसाठी एक खूण. घरात शिरला की तो आतून दगड, शिंपल्या ओढून तोंड बंद करतो, दार लावल्यासारखं. अंड्यांवर बसलेली मादी तर नक्कीच. आणि ती खात नाही म्हणून तिच्या दाराशी ताजा उकिरडा नसतो. दार बंद आणि बाहेर ताज्या कुर्ल्या नाहीत, असं दिसलं तर समजा.

शाळेतली_बाई

सगळ्यांचे मनापासून आभार, मी रात्री दोनदा वाचलं. आज पावणेआठला एकटीच जाऊन आले. दगड सुलटाच आहे, बार्नेकल वर, पण एका अंगाला जरा कलल्यासारखा, तिथे चार बोटं फट राहिलीय, आधी ती होती का ते आठवत नाही. वाकून बघितलं, आत काळोख. ती दिसली नाही, दुसऱ्या डबक्यातही नाही. मी काही हलवलं नाही, तसंच परत आले. फट बुजवायला एखादा दगड लावू का?

पागवाला

नको बाई. तिला लागेल तसा ती लावेल. तुम्ही लावलेला दगड लाटेने आत ढकलला तर अंडी चिरडतील. आता पुनवेपर्यंत वाट बघा, मधे भांगाच्या, म्हणजे लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत पाणी तेवढं आत जाणारच नाही, जाऊन काही दिसायचं नाही.

शाळेतली_बाई

पुनव झाली, आज गेले होते. पंधरा मुलांपैकी तिघांनाच नेलं, दगड उचललेला पोरगा, पाणी ओतलेली मुलगी आणि आमची वर्गप्रमुख. बाकीच्यांना खडपाच्या अलीकडे पुळणीवर उकिरडे शोधायला लावले, म्हणजे खडपावर पाय कमी पडतील.

फट बंद आहे. गेल्या वेळी जिथे चार बोटं मोकळी होती तिथे सुपारीएवढे आठ-नऊ खडे आणि एक फुटकी शिंपली, आतल्या बाजूने लावल्यासारखी, एकावर एक. लाटेने आलेले म्हणावं तर आजूबाजूला तसले खडे नाहीतच, सगळा सपाट कातळ आहे. बाहेर कुर्लीची एकही पाठ नाही. आम्ही दोन हात लांब बसलो, सावली पडणार नाही असं, वीसेक मिनिटं. काहीच झालं नाही. उठायच्या बेतात होतो तेवढ्यात खड्यांच्या मधल्या भोकातून पाण्याची बारीक रेघ आली, डबक्यावरची शेवाळाची तुकडी हलली, थांबली, परत हलली. पोराने मोजलं, श्वासासारखं चाललं होतं. कोणी बोललं नाही.

येताना त्याने विचारलं, ती मरणार हे तिला माहीत असेल का. मी म्हटलं मला नाही माहीत रे. खारा_वारा ताई, पिल्लं निघायला अजून किती दिवस धरायचे?

खारा_वारा

आत्ता अंगावर काटा आला वाचताना. दुसरी एखादी तिथे येऊन बसलेली असूही शकते, पण बंद दार, बाहेर उकिरडा नाही आणि लयीत येणारं पाणी, ती तीच असावी असं मला मनापासून वाटतं.

अंडी तेव्हा पांढरी होती म्हणजे नवीन होती. फेब्रुवारीच्या आपल्या पाण्यात महिनाभर धरा, म्हणजे येत्या अवसेच्या आसपास. निघतात ती बहुतेक रात्री. ओहोटीच्या वेळी दिसेलच असं नाही, आणि बॅटरीचा उजेड टाकू नका. अवसेनंतरच्या सुकतीला दारातले खडे विस्कटलेले दिसले तर समजा झालं.

पागवाला

बाई अवसेनंतर दुसऱ्या दिवशी साडेपाच-सहाला सुकती असेल, पहाटे काळोख असतो आणि खडप निसरडं, मुलांना घेऊन एकट्या जाऊ नका. मी त्या बाजूला आहे, येतो.